ग. वि. कु. कोण?

नमस्कार श्रोतेहो.

आमची नात तिसरीत आहे. परवा शाळेतून वंशवृक्ष काढून आणायला सांगितला. असलं काम आलं की मूल झोपतं आणि आई रात्री अकराला कार्डशीट कापत बसते, ते राहू द्या. मी तिला पणजोबा, खापरपणजोबा अशी नावं सांगायला लागले. तिसऱ्या नावाला तिला जांभई आली. तिचं तरी काय चुकलं? नुसत्या नावाला ना चेहरा, ना आवाज.

आणि थोड्या वेळाने तीच स्वयंपाकघरातून ओरडली, "आजी, ग. वि. कु. कोण?"

आमच्याकडे एक पितळी पातेलं आहे. कल्हईवाला यायचा बंद झाला तेव्हापासून त्यात कांदे-बटाटे असतात. त्याच्या काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी ही तीन अक्षरं घातलेली आहेत. पूर्वी भांड्यांच्या दुकानात छिन्नी-हातोडीने नाव घालून देत, आणि अक्षरामागे पैसे घेत. म्हणून मग आद्याक्षरांवर भागवायचं. (आताच्या डिनर सेटवर नाव घालून दाखवा! दोन वर्षांत टवका उडतो आणि सेट कामवाल्या बाईंच्या घरी जातो.)

तर मी ठोकून दिलं, "असतील आपल्या पणजोबांचे मामा." माझं लग्न झाल्यापासून मी तेच समजत होते. पण मुलांना असतील-बिसतील चालत नाही. ती पातेलं उचलून थेट माझ्या सासूबाईंच्या पलंगापाशी. त्यांचं वय ८७. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "अगं, हे आपलं नव्हेच!"

१२ जुलै १९६१. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं. सासूबाई तेव्हा नारायण पेठेतल्या वाड्यात, कडेवर वर्षाचं पोर. पाणी आल्याची ओरड झाली तशी चुलीवरचा भात तसाच टाकून त्या पळाल्या. दुसऱ्या दिवशी परत आल्या, तर खोलीत गुडघाभर चिखल. वाड्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांनी तो हातांनी उपसला आणि सापडेल ते भांडं चौकात आणून ठेवलं. मग नावं वाचून वाटणी. ओळीने बायका बसलेल्या, पदराने चिखल पुसायचा, अक्षरं वाचायची, "हे तुमचं, हे माझं." सासूबाईंना माहेरून आलेलं पातेलं काही सापडलं नाही. शेवटी एक उरलं, ग. वि. कु. ते बिऱ्हाड पाणी ओसरल्यावर जे गावी गेलं ते परतलंच नाही. "येतील तेव्हा देऊ म्हणून ठेवलं," सासूबाई म्हणाल्या. साठ वर्षं होऊन गेली. पुढे वाडाही पडला.

नात तोंड उघडं टाकून ऐकत होती. कडेवरचं पोर म्हणजे आपला आजोबा, हे कळल्यावर तर तिने आजोबांकडे असं पाहिलं, की हे आत्ताच पाण्यातून निघून आलेत! त्या रात्री तिने चार पिढ्यांची नावं न चुकता लिहिली.

म्हणून सांगते, आधी वस्तू, मग नाव. पुन्हा सांगते, आधी वस्तू हातात द्या, मग नाव सांगा. माळ्यावरची ट्रंक काढा, जुनं रेशनकार्ड काढा, आजीचं पोळपाट काढा. नाशिक-त्र्यंबकेश्वराला गेलात तर तीर्थोपाध्यांकडे मुलांना घेऊन जा. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की ते घराण्याची नामावळी काढतात. पान सापडलं आणि त्यावर मोडीत पणजोबांची सही निघाली, की मुलांना दाखवा. मोडी वाचता नाही आली तरी चालेल. आणि घरातलं म्हातारं माणूस बोलत असेल तर टीव्हीचा आवाज आधी कमी करा. आमच्याकडे तो कमी व्हायला शाळेचा प्रोजेक्ट यावा लागला.

वंशवृक्षात ग. वि. कुं.ना जागा कुठे द्यायची, हा प्रश्न होताच. नातीने झाडाच्या बुंध्याशी पिवळ्या रंगाने एक पातेलं काढलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पण आजी, आपलं पातेलं कुणाकडे आहे? तू रेडिओवर विचार ना."

तर श्रोतेहो, विचारते. पितळी पातेलं, साधारण दोन शेर दूध मावेल एवढं. काठाखाली ठिपक्यांत 'सी. म. दा.' आणि खाली १९५७. कुणाच्या माळ्यावर असेल, तर आकाशवाणीच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड टाका. तुमचं आम्ही चिंचेने घासून ठेवलंय.