छत्तीस तारखा

[दृश्य : सकाळचे साडेसहा. पुण्यातला म्हात्रे पुलाजवळचा डीपी रस्ता. एका लॉनच्या कमानीवरून कालच्या वधूवरांची नावं उतरवून आजची चढवली जात आहेत.]

निवेदन : या रस्त्यावर इतक्या सकाळी तीन माणसं हमखास जागी असतात. फुलवाला, आचारी आणि फोटोवाला. फुलवाला मार्केट यार्डातूनच भाव घेऊन आलेला असतो. आचाऱ्याचा दर ताटाला. पाचशे ताटं गुणिले दर, विषय संपला. फोटोवाल्याने आपला दर कशाला गुणायचा? दिवसाला, निघालेल्या फोटोंना, की अल्बमच्या पानांना? मी इथे पहिल्यांदा कॅमेरा घेऊन आलो तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. म्हणून सोपा उपाय केला. ओळखीच्या एका फोटोग्राफरचा दर विचारला आणि त्यातून २,००० कमी केले.

[दृश्य : शंभर पानी एकरेघी वही. पहिलं पान. निळ्या शाईतले आकडे.]

पहिली ऑर्डर मुंजीची. कर्वेनगरातलं कार्यालय, सकाळी सात ते दुपारी चार. मातृभोजन, मंगलाष्टकं, भिक्षावळ, पंगती, आणि बटू झोपेला आल्यावर सगळ्या आत्या-माम्यांबरोबर त्याचे फोटो. ठरले ८,००० रुपये, अल्बमसकट. बटूच्या आजोबांनी विचारलंच, "अरे बाळा, डिजिटल ना तुझा कॅमेरा? रोल थोडाच लागतो! मग आठ हजार कशाचे?"

मी नुसता हसलो. उत्तर नव्हतं म्हणून.

उत्तर या पानावर आहे. मदतीला आलेल्या मित्राला १,०००. लेन्स भाड्याने, ६००. अल्बमचं डिझाइन करणाऱ्याला १,०००, लॅबला ३,२००. पेन ड्राइव्ह ४००, पेट्रोल ३००. झाले ६,५००. माझ्याकडे उरले १,५००. आता तास मोजू. कार्यालयात ९, फोटो निवडून त्यांचे रंग-उजेड नीट करण्यात १२, अल्बमच्या दुरुस्त्या आणि लॅबच्या खेपा यांत ४. पंचवीस तासांचे १,५००, म्हणजे तासाला ६० रुपये. घरी आईला मात्र मी सांगितलं होतं, "एका दिवसात आठ हजार."

आजोबांचा प्रश्न तसा रास्त होता. त्यांनी रोलचा काळ पाहिलेला. रोलमध्ये ३६ फोटो. सदतिसावा काढायचा तर नवा रोल घालायचा, मग तो धुवायचा, छापायचा. यजमानच म्हणायचे, "अहो, आता बास, रोल संपेल." खर्च सगळ्यांना डोळ्यांनी दिसत होता. आता तो कॅमेऱ्याच्या पोटात जाऊन बसलाय. निकॉनच्या डी७५० या कॅमेऱ्याचं शटर कंपनीने १,५०,००० वेळा चालवून तपासलेलं आहे. मोठ्या लग्नात मी ते सहज ३,००० वेळा पाडतो. भागाकार करून पाहा, पन्नास लग्नं. एक्कावन्नाव्या लग्नाला ते बंदच पडेल असं काही नाही, पण ऐन अंतरपाट धरलेला असताना ते बंद पडणार नाही याची हमीही कुणी देत नाही. शिवाय २४ मेगापिक्सेलची एक रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातली कच्ची, फाइल २५ ते ३० एमबीची. तीन हजार फाइली म्हणजे ७५ ते ९० जीबी, आणि त्या दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवायच्या. एकाच डिस्कवर ठेवून शांत झोपणारा फोटोग्राफर मी अजून पाहिलेला नाही. मीही एकदाच ठेवलं होतं. साखरपुडा होता. पुढचं सांगत नाही.

[दृश्य : वहीचं दुसरं पान. वरती लाल शाईत एकच शब्द : वर्ष.]

हे पान लिहायला मला दोन वर्षं लागली. कॅमेरा, लेन्स, दोन फ्लॅश, कार्डं, बॅटऱ्या मिळून २,२०,०००. चार वर्षांनी विकायला काढलं तर ६०,००० येतील असं धरलं. म्हणजे वर्षाला ४०,००० झिजले. लॅपटॉपचे २०,०००. हार्ड डिस्क १२,०००, सॉफ्टवेअर १०,०००, विमा ५,०००, फोन आणि इंटरनेट १२,०००, जाहिरात आणि कार्डं १०,०००, दुरुस्ती ८,०००. एकूण १,१७,०००. एकही ऑर्डर आली नाही तरी हे जाणारच.

त्यात माझा पगार. हा आकडा लिहिताना हात अडखळतो. उरेल ते आपलं, अशी आपली सवय. पण उरेल ते आपलं म्हटलं की उरत नाही. महिना ३०,००० धरले, वर्षाचे ३,६०,०००. सगळं मिळून ४,७७,०००.

याला भागायचं कशाने? इथे मी पुन्हा फसलो होतो. मी भागलं होतं ३६५ ने.

[दृश्य : भिंतीवरची दिनदर्शिका. पानं उलटत जातात. आषाढापासून कार्तिकापर्यंत पेनाच्या खुणा विरळ.]

तुळशीची लग्नं लागली की माणसांची सुरू होतात. तिथून धंदा चालू. पौष अनेक घरांत टाळतात. माघ ते ज्येष्ठ धावपळ. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की कार्यालयांतली पंगतीची टेबलं भिंतीला टेकतात. काढीव मुहूर्तावर हल्ली काही जण उरकतात, पण त्यावर घर चालत नाही. पितृपंधरवड्यात तर फोनच वाजत नाही. त्यातून अधिक महिना. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, चातुर्मास पाच महिन्यांचा झाला आणि मोसम पुढे ढकलला गेला. २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून. ऐन सुट्ट्यांत, जेव्हा अमेरिकेतली मंडळी घरी आलेली असतात. कॅमेऱ्याच्या दुकानात कुणी सांगत नाही, पण या धंद्यात पंचांग हे लेन्सइतकंच कामाचं आहे.

चांगल्या मुहूर्ताला अख्ख्या पुण्यात लग्नं असतात, आणि मी एकटा. एका दिवशी एकच कार्यालय. त्या दिवसाची ऑर्डर ८,०००ला घेतली की नंतर कुणी ३०,००० देऊ केले तरी उपयोग नाही. तारीख गेली. नव्याला वर्षाकाठी, सगळी कामं धरून, साधारण छत्तीस तारखा मिळतील असं मी धरलं. आजोबांचा रोल परत आला म्हणायचा. वर्षात छत्तीस फ्रेम.

४,७७,००० भागिले ३६, म्हणजे १३,२५०. प्रत्येक तारखेने इतके आणून द्यायचे, तेही त्या दिवसाचा खर्च वेगळा ठेवून. मुंजीचा खर्च ६,५०० होता. म्हणजे ती मुंज १९,७५० ची होती. मी ती ८,०००ला केली. आजोबांना मी जवळपास बारा हजारांचा आहेर केला आणि वर पंगतीत त्यांचीच जिलबी खाऊन आलो.

[दृश्य : कार्यालयाचा कोपरा. एक तरुण दुसऱ्या फोटोग्राफरच्या हातात मेमरी कार्ड देतो, पाकीट खिशात घालतो, हेल्मेट उचलतो.]

मग नव्याने लगेच वीस हजार मागायचे का? कोण देईल? अडचण खरी आहे. सगळेच सांगतात, आधी स्वस्तात कर, नाव झालं की वाढव. मला हा सल्ला पटत नाही. आठ हजारांची मुंज पाहिलेले पाहुणे तुमचा नंबर घेतात तो आठ हजारांसाठी. दुसऱ्या वर्षी त्यांना अठरा सांगा. चेहरे बघण्यासारखे होतात.

पहिल्या वर्षी मला तारलं ते एक्स्पोजिंगने. दुसऱ्याच्या ऑर्डरवर रोजाने शूट करायला जायचं, संध्याकाळी कार्ड त्याच्या हातात द्यायचं, घरी येऊन झोपायचं. अल्बम त्याचा, एडिटिंग त्याचं, गिऱ्हाइकाची कटकट त्याची. दहा तासांचे मला ३,५०० मिळायचे. तासाला ३५०. स्वतःच्या ऑर्डरवर ६० आणि दुसऱ्याच्या ऑर्डरवर ३५०, हे वहीत शेजारी शेजारी लिहिलं त्या रात्री मी कपाळाला हात लावला. एक्स्पोजिंगमध्ये नाव होत नाही हे खरं. पण विधींचा क्रम पाठ होतो, कुठल्या कार्यालयाचं छत पांढरं, म्हणजे फ्लॅशचा उजेड परतवणारं, आणि कुठलं लाकडी हे कळतं, आणि स्वतःच्या ऑर्डरला नाही म्हणायची ताकद येते.

[दृश्य : भरत नाट्य मंदिर. विंगेतून दिसणारा रंगमंच. घुंगरांचा आवाज.]

चातुर्मासातली माझी सगळ्यात लाडकी तारीख मात्र ही. गुरुपौर्णिमेच्या आसपास नृत्याच्या क्लासेसचे कार्यक्रम सुरू होतात. रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये इथे नृत्यभारती सुरू केली. आज पुण्यात कथक शिकणाऱ्या मुलींना तोटा नाही. इथे फ्लॅश चालत नाही. मंचावरचा उजेड तेवढा आपला. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची जाण, ६४००, लेन्सचं छिद्र एफ २.८ इतकं मोठं, आणि चक्कर थांबते तो क्षण हेरायचा. पहिल्या वर्षी क्लासच्या ताईंनी विचारलं, "दिवसाचे किती?" मी ५,००० म्हणालो. दुसऱ्या वर्षी म्हणालो, "ताई, तुम्ही काही देऊ नका. ज्या पालकांना हवेत ते घेतील." साठ मुली होत्या. चाळीस घरांनी प्रत्येकी ४०० रुपयांचा संच घेतला. सोळा हजार. ना अल्बम, ना लॅब. तीच तारीख, तोच मी. फक्त गिऱ्हाईक एकाऐवजी चाळीस.

याच दिवसांत नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो आणि फुकटची आमंत्रणंही. "दादा, पोस्टमध्ये टॅग करू." लक्ष्मी रस्त्यावरची मिरवणूक मी दरवर्षी टिपतो, हौसेने, एक पैसा न घेता. पण वहीत तिचं पान वेगळं आहे. हौस आणि धंदा एकाच पानावर लिहिले की दोन्हींची गंमत जाते.

[दृश्य : हिंजवडी. काचेची इमारत. गळ्यात ओळखपत्र घातलेला फोटोग्राफर सुरक्षारक्षकाला बॅग उघडून दाखवतो.]

कंपन्यांची कामं आठवड्यातल्या मधल्या वारी येतात, मुहूर्ताशी भांडत नाहीत. तीन तास काम, रात्री फोटो पाठवले की झालं. दुखणं पैशांचं. टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला कर, वजा होऊन येतात, आणि येतात तेही सावकाश. लहान उद्योग म्हणून सरकारकडे करायची उद्यम नोंदणी फुकट होते. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लहान उद्योगाचं देणं, करारात काहीही लिहिलेलं असो, ४५ दिवसांत चुकवावं लागतं. बिलावर उद्यमचा क्रमांक छापायला लागल्यापासून अकाउंट्सवाले जरा गोड बोलतात. जीएसटीचं विचाराल तर सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की नोंदणी आणि १८ टक्के. नव्याने त्याची झोप मोडून घेऊ नये.

[दृश्य : टेबलावर एक तयार अल्बम, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. वर धूळ.]

हा अल्बम. बारा बाय छत्तीस, चाळीस पानी. नवऱ्याने सांगितलं होतं, "फोटो निवडून आठवड्यात पाठवतो." ठरल्या रकमेतले १०,००० अल्बमनंतर द्यायचे होते. आठवड्याचा महिना झाला, महिन्याचं वर्ष. शेवटी फोन आला तो बारशाचे फोटो काढाल का म्हणून. लग्नाचा अल्बम आणि बारशाचे फोटो त्यांनी एकदमच नेले. ही दुसरी प्रत, पानांचा क्रम चुकला म्हणून माझ्याच गळ्यात पडलेली. तेव्हापासून निम्मे पैसे तारीख धरताना, उरलेले अक्षता पडायच्या आधी. अल्बमचा दर वेगळा, तीन महिन्यांत निवड आली नाही तर मी निवडणार, आणि दुरुस्त्या दोनदाच. हे सगळं कागदावर.

त्याच कागदावर आणखी एक ओळ. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून फोटो काढला आणि वेगळा करार नसेल, तर हक्काचा पहिला मालक तो पैसे देणारा. मी काढलेला, पण माझा नव्हे. म्हणून आधीच लिहून घेतो की निवडक फोटो मी माझ्या कामाचा नमुना म्हणून दाखवीन. बहुतेक जण हो म्हणतात. नाही म्हणणाऱ्यांचे फोटो नेमके सगळ्यात चांगले आलेले असतात, तो भाग वेगळा.

[दृश्य : पुन्हा डीपी रस्ता. दुपार. पंगती उठताहेत. फोटोग्राफर गाडीच्या सीटवर कॅमेऱ्याची बॅग ठेवतो. फोन वाजतो.]

"हॅलो, मुंजीचे फोटो काढता ना तुम्ही? आमच्या भाचीने नंबर दिला. रेट काय तुमचा?"

पूर्वी मी इथे आकडा सांगायचो आणि समोरून सुस्कारा आला की त्यातले हजार कमी करायचो.

[दृश्य : फोटोग्राफर फोन खांद्याने कानाशी धरून बॅगेच्या कप्प्यातून वही काढतो. पानावर छत्तीस चौकोन आखलेले, एकोणीस भरलेले.]

"सांगतो काका. आधी तारीख सांगा."