ॲबरडीन, 1964: डब्यातून आलेला टायफॉईड

[दृश्य: मांस कापण्याचं यंत्र, जवळून]

फिरणारं गोल पातं आणि कागदावर अलगद पडणारे मांसाचे पातळ काप. स्कॉटलंडमधल्या ॲबरडीन शहरात, युनियन स्ट्रीटवरच्या एका सुपरमार्केटात असंच यंत्र होतं. मे 1964 मध्ये शहरात टायफॉईडचे रुग्ण दिसू लागले. आरोग्य अधिकारी डॉ. इयन मॅक्वीन यांच्या माणसांनी प्रत्येक रुग्णाला एकच गोष्ट विचारली: काय खाल्लंत, आणि कुठून आणलंत? उत्तरं थोड्याच दिवसांत याच काउंटरपाशी येऊन थांबली.

[दृश्य: हात धुण्याचं बेसिन, साबण, टॉवेल]

स्कॉटलंडमध्ये 1959 पासून अन्न-स्वच्छतेचे नियम होते. स्वच्छता निरीक्षक दुकानात येऊन बेसिन, गरम पाणी, कामगारांचे हात तपासत. हे काम मोलाचंच होतं. पण इथे आजार सीलबंद डब्यातून आला होता.

[दृश्य: नदी, कारखान्याची धुरांडी, डब्यांची रांग]

हा डबा कसा तयार होतो, ते नीट पाहा. अर्जेंटिनातलं रोझारियो, पाराना नदीचा काठ. खारवलेलं गोमांस, म्हणजे कॉर्न्ड बीफ, मोठ्या डब्यात भरतात, डबा सील करतात आणि प्रचंड उष्णता देतात. आतले जंतू मरतात. मग डबा पाण्यात थंड करतात. निवताना आतला दाब घटतो, आणि सांध्याला सुईच्या टोकाएवढं छिद्र असलं तरी बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. ते पाणी नदीचं होतं. शहराचं सांडपाणीही याच नदीत जाई आणि कारखान्यातली क्लोरिन मिसळण्याची यंत्रणा बंद होती. टायफॉईडचा जंतू वायू तयार करत नाही. त्यामुळे डबा फुगत नाही, मांसाला वास येत नाही. कितीही दक्ष निरीक्षक असो, नुसत्या डोळ्यांनी त्याला काय कळणार?

डबा उघडला, मांस यंत्रावर चढलं. त्याच पात्यावर नंतर दुसरी मांसं कापली गेली आणि जंतू त्यांनाही लागले.

[दृश्य: सरकारी कागदपत्रं]

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. आदल्याच वर्षी, 1963 मध्ये, इंग्लंडमधल्या हार्लो, साउथ शील्ड्स आणि बेडफर्ड इथे टायफॉईड पसरला होता आणि तिथेही संशय कॉर्न्ड बीफवरच होता. लंडनच्या सरकारी खात्यांना हे ठाऊक होतं. तरीही संशयित माल दुकानांतून तातडीने काढून घेतला गेला नाही. ॲबरडीनला कसली पूर्वसूचना मिळाली नाही. गावोगावच्या निरीक्षकाच्या हाती साबण आणि बेसिनाचे नियम दिले, पण त्याला सगळ्यात जास्त गरज होती ती याच माहितीची. ती वेळेवर मिळाली असती, तर तो डबा उघडण्याआधीच बाजूला काढता आला असता.

[दृश्य: रुग्णालयाच्या खिडक्या, बाहेर उभे नातेवाईक]

पाचशेहून अधिक माणसं रुग्णालयात दाखल झाली. भेटायला आलेल्यांना काचेबाहेरच थांबावं लागे.

[दृश्य: राणीची मोटार, रस्त्यावरची गर्दी]

जूनअखेर राणी एलिझाबेथ शहरात येऊन गेल्या. पुढे सरकारने नेमलेल्या मिल्न समितीने चौकशी केली आणि संशयित मांसाचे साठे बाजारातून काढले गेले.