ऑइल कुठलं टाकू?

नमस्कार श्रोतेहो.

गाडी सर्व्हिसिंगला लावली की मेकॅनिक हात पुसत पुसत विचारतो, "ऑइल कुठलं टाकू? साधं की सिंथेटिक?" साध्या ऑइलच्या दुप्पट, कधीकधी तिप्पट पैसे सिंथेटिकच्या डब्याला मोजावे लागतात. आपण जरा घुटमळतो आणि खिशाकडे नाहीतर सोबत आलेल्या मित्राकडे बघून काहीतरी उत्तर देऊन टाकतो. माझं मत आधीच सांगतो. प्रश्न बरोबर आहे, पण त्याचा नंबर तिसरा. त्याआधीचे दोन प्रश्न गॅरेजमध्ये सहसा कुणी काढतच नाही.

पहिला ग्रेडचा. डब्यावर १० डब्ल्यू ३०, २० डब्ल्यू ४० असे आकडे असतात. डब्ल्यूच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ते ऑइल थंडीत पातळ राहतं. नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनात, म्हणजे साधारण १०० अंश सेल्सिअसला, ते किती घट्ट राहतं हे सांगतो. बेअरिंगमधली फट, ऑइल पंपाचा दाब, हे सगळं कंपनीने एका ठरावीक घट्टपणाचा हिशेब धरून ठरवलेलं असतं. स्प्लेंडर, अ‍ॅक्टिव्हा यांना १० डब्ल्यू ३०. रॉयल एनफिल्डच्या ३५० सीसी गाड्यांना १५ डब्ल्यू ५०. अलीकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल मोटारींना तर ० डब्ल्यू २० किंवा ० डब्ल्यू १६, म्हणजे हाताला जवळजवळ पाण्यासारखं लागणारं ऑइल. ते बघून "आपल्याकडे ऊन फार, जरा जाड टाकू" म्हणत २० डब्ल्यू ५० ओतणारे महाभाग आहेत. गाडी चालते, नाही असं नाही. पण अ‍ॅव्हरेज पडतं, आणि सकाळच्या पहिल्या स्टार्टला वर, व्हॉल्व्ह हलवणाऱ्या कॅमपर्यंत, ऑइल पोचायला उशीर होतो. इंजिनाची झीज सगळ्यात जास्त होते ती त्याच काही सेकंदांत.

दुसरा प्रश्न दर्जाचा, आणि इथे मोटरसायकलवाल्यांनी कान देऊन ऐकावं. मोटारीत इंजिनाचं ऑइल फक्त इंजिनात फिरतं. बहुतेक मोटरसायकलींत मात्र तेच ऑइल इंजिनाला, गिअरबॉक्सला आणि क्लचला असं तिघांना पुरतं. क्लचप्लेटा त्या ऑइलातच बुडालेल्या असतात. मोटारीच्या काही ऑइलांत घर्षण कमी करणारी रसायनं घातलेली असतात, इंधन वाचावं म्हणून. ते ऑइल बाइकमध्ये गेलं तर क्लचप्लेटा सटकायला लागतात. चढावर रेस द्यावी, तर इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी जागची हलायला मागत नाही. म्हणून बाइकच्या डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए २' असं लिहिलेलं बघायचं. हे जपानी मानक आहे. गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो, त्यामुळे तिला 'एमबी' चालतं. सांगायचं काय, भावाच्या कारमधून उरलेलं भारी सिंथेटिक बाइकमध्ये ओतण्यापेक्षा बाइकच्या ग्रेडचं एमए शिक्क्याचं साधं ऑइल शंभर पटींनी बरं.

डिझेलवाल्यांचंही तसंच. १ एप्रिल २०२० पासून देशात गाड्यांच्या धुराचं बीएस ६ मानक लागू झालं, आणि नव्या डिझेल मोटारींच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी पकडणारा फिल्टर आला. ऑइल जळलं की त्याची राख त्या फिल्टरमध्ये साठते आणि ती राख पुन्हा जळून जात नाही. तिथे कमी राखेचं ऑइलच लागतं, आणि गाडीसोबतच्या पुस्तकात कंपनीने तसं छापलेलं असतं. जुन्या जीपचा डबा त्या गाडीत रिकामा करायचा नाही.

आता येऊ सिंथेटिककडे.

डब्यातला तीन चतुर्थांशाहून जास्त भाग असतो बेस ऑइलचा, उरलेली रसायनं: झीज रोखणारी, मळ धरून ठेवणारी, गंज आवरणारी. साधं, म्हणजे मिनरल बेस ऑइल, कच्च्या तेलातून निघतं. आपल्या मुंबईत माहुलला हिंदुस्तान पेट्रोलियमची रिफायनरी आहे, तिथे हे बेस ऑइल मोठ्या प्रमाणावर तयार होतं. ते म्हणजे खळ्यावरून आणलेलं धान्य समजा. उफणलेलं, पाखडलेलं, पण दाणे लहानमोठे आणि थोडा कचरा राहिलेलाच. त्यातले हलके रेणू उष्णतेने आधी उडून जातात आणि मेणासारखे रेणू थंडीत गोठतात. सिंथेटिकमध्ये रेणू मुद्दाम घडवलेले असतात, म्हणून ते बरेचसे एकसारखे असतात.

पण सिंथेटिक म्हणजे एकच एक पदार्थ नव्हे. पूर्वी ह्या नावाखाली मुख्यतः पीएओ नावाचं, वायूपासून रेणू जोडत जोडत बनवलेलं बेस ऑइल यायचं. मोबिल वन अमेरिकेत १९७४ साली आलं ते तसलं. पुढे रिफायनऱ्यांनी कच्च्या तेलाच्याच अंशावर हायड्रोजनचा मारा करून, रेणू तोडून-जोडून, फार शुद्ध बेस ऑइल काढायला सुरुवात केली. कॅस्ट्रॉलने ते वापरून आपल्या डब्यावर सिंथेटिक लिहिलं. मोबिलने तक्रार केली. अमेरिकेतल्या जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने १९९९ मध्ये कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला. तेव्हापासून जगभर दोन्ही प्रकार सिंथेटिक म्हणून विकले जातात. जर्मनीत मात्र 'पूर्ण सिंथेटिक' म्हणायला जुनी, कडक व्याख्याच पाळतात. आपल्या दुकानातल्या 'फुली सिंथेटिक' डब्यात बहुधा हे दुसऱ्या प्रकारचंच बेस ऑइल असतं. ते वाईट आहे का? अजिबात नाही, उत्तम आहे. 'सेमी-सिंथेटिक' मात्र मोघम शब्द. त्यात सिंथेटिकचा वाटा किती असावा याचा पक्का आकडा कुठे ठरलेला नाही, तेव्हा त्या शब्दासाठी फार पैसे मोजू नयेत.

मग जास्तीच्या पैशांत मिळतं काय? जाहिरातीत बर्फातली गाडी दाखवतात. पण २० डब्ल्यूच्या ऑइलची थंडीतली चाचणी उणे १५ अंशांवर होते. निफाडला कडाक्याच्या थंडीत पारा घसरतो, बातमी होते, पण तिथलीही बाइक त्या बाबतीत सुरक्षितच. लडाखला निघालात तर गोष्ट वेगळी.

आपल्या हवेत सिंथेटिकचा खरा उपयोग आहे तो उष्णतेत. ढोबळ ठोकताळा असा की तापमान १० अंशांनी वाढलं की ऑइल जळकट होण्याचा वेग दुपटीने वाढतो. मे महिन्यात चंद्रपूरला दुपारी हवेचाच पारा कित्येकदा ४५ च्या वर जातो. तशात हवेवर थंड होणारं बाइकचं इंजिन ट्रॅफिकमध्ये उभं, वारा नाही. तिथे साधं ऑइल लवकर दमतं. गिअरच्या दात्यांत चेंगरून ते पातळही होतं, कारण त्याचा घट्टपणा टिकवायला घातलेले लांबलचक रेणू तुटतात. गिअर खटखट पडायला लागतात, न्यूट्रल सापडत नाही, ही त्याचीच खूण. सिंथेटिकला अशा रेणूंचा टेकू कमी लागतो, म्हणून गिअर जास्त दिवस मऊ राहतात.

आणि टर्बो. आता छोट्या मोटारींनाही टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, असतो. त्याची दांडी मिनिटाला लाख-दोन लाख फेऱ्यांपर्यंत जाते आणि तिला आधार असतो तो ऑइलच्या एका पापुद्र्याचा. एक्स्प्रेसवेने खंडाळ्याचा घाट जोरात चढून आलात, वर चहासाठी थांबलात आणि लगेच चावी फिरवली, तर तिथे अडकलेलं ऑइल त्या तापलेल्या बेअरिंगवर करपतं. अर्धा-एक मिनिट इंजिन तसंच चालू ठेवावं. अशा गाडीला सिंथेटिकच, तिथे काटकसर नाही. आणि बहुतेक वेळा पुस्तकातही तेच लिहिलेलं असतं. तसंही ० डब्ल्यू ग्रेड साध्या बेस ऑइलातून बनतच नाही, त्यामुळे त्या गाड्यांपुरता वाद आपोआप मिटतो.

ट्रॅक्टरचं विचारणारे बरेच असतात. ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या इंजिनावर ताण प्रचंड, मान्य. पण १५ डब्ल्यू ४०, सीआय ४ दर्जाचं चांगलं मिनरल ऑइल तासांच्या मीटरप्रमाणे वेळेवर बदललं, तर ते पुरतं. इंजिनाला खाते ती फुफाट्याची माती. एअर क्लीनरच्या वाटीतलं ऑइल चिखल होईपर्यंत ठेवायचं आणि इंजिनात हजारोंचं सिंथेटिक ओतायचं, यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

दहा-बारा वर्षांची कम्यूटर बाइक, रोजचं वीस-तीस किलोमीटर, ऑइल एक लिटरच्या आसपास मावतं. तिला पुस्तकातल्या ग्रेडचं साधं ऑइल वेळेवर टाका, झालं. निळा धूर मारत ऑइल खात असेल तर सिंथेटिकही तितकंच जळेल, फक्त महाग जळेल. तिथे पिस्टनच्या रिंगांचं काम काढावं लागतं.

"एकदा सिंथेटिक टाकलं की परत साधं चालत नाही" हे खोटं. एकाच दर्जाची दोन्ही ऑइलं एकमेकांत मिसळतात. घाटात ऑइल कमी पडलं तर मिळेल ते योग्य ग्रेडचं ऑइल टाकून घरी या, कोरडं इंजिन पळवू नका. "सिंथेटिकने गळती लागते" यात थोडं जुनं तथ्य आहे. सुरुवातीच्या काळात काही सिंथेटिकांनी रबरी सील आकसायचे. ते कधीच सुधारलं. आज जुन्या इंजिनात गळती दिसली, तर सील आधीच गेलेलं असतं आणि त्यावर बसलेला मळ धुऊन निघालेला असतो.

सिंथेटिक टाकलं म्हणून बदलायची मुदत मनाने दुप्पट करायची नाही, हेही सांगायला हवं. विशेषतः स्कूटर. घरापासून बाजारापर्यंत, बाजारातून शाळेपर्यंत, अशी दोन-दोन किलोमीटरची धाव. इंजिन पुरतं तापतच नाही. ज्वलनातून तयार झालेली वाफ ऑइलात मुरते. पावसाळ्यात अशा स्कूटरची ऑइलची कॅप उघडून बघा, आतल्या बाजूला कधीकधी पिवळट साय धरलेली दिसते. ते पाणी. अशा गाडीला किलोमीटर कमी भरले तरी पुस्तकातल्या महिन्यांप्रमाणे ऑइल बदलायचं. उलट ऑइल काळं झालं म्हणून घाबरायचं कारण नाही, मळ धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. डिझेलमध्ये तर ते दोन दिवसांत काळं होतं.

सगळ्यात स्वस्त उपाय सांगतो, त्याला पैसेच पडत नाहीत. महिन्यातून एकदा ऑइल बघा. स्प्लेंडरसारख्या गाडीचं सांगायचं तर सपाट जागी मेन स्टँडवर लावा, तीन-चार मिनिटं इंजिन चालू ठेवा, बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा. ऑइलची पट्टी काढून स्वच्छ फडक्याने पुसा, पुन्हा घाला, पण आटे फिरवू नका, नुसती टेकवा. आटे आवळून बघितलं तर पातळी जास्त दिसते. ऑइल वरच्या आणि खालच्या खुणेच्या मध्ये हवं. प्रत्येक गाडीची रीत थोडी वेगळी असते, ती पुस्तकात बघा. लिटरभर ऑइलातलं तिनशे मिली कमी झालं, तर उरलेलं कितीही भारी असो, ते जास्त तापणार.

खरेदी करताना डब्याचं सील आणि उत्पादनाची तारीख बघा, शक्य तर समोर उभं राहून ऑइल टाकून घ्या. रिकाम्या डब्याला तिथल्या तिथे खिळा मारून भोक पाडा, कारण नामी कंपन्यांचे धड डबे पुन्हा भरून बाजारात येतात. आणि निघालेलं काळं ऑइल गटारात किंवा शेताच्या बांधावर ओतू नका. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून घरोघरी ते फासतात, पण त्यात कॅन्सरकारक द्रव्यं असतात, हाताला लागू देऊ नये. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेलं ऑइल गोळा करून त्यावर पुन्हा प्रक्रिया करून घेण्याची जबाबदारी कायद्याने उत्पादकांवर टाकली आहे, तेव्हा आपल्या गॅरेजवाल्याला विचारा, तुमचं काळं ऑइल कोण नेतं?

नमस्कार.