गुडघा नवा, पंप जुना

(सोलापुरात ज्येष्ठ मंडळींपुढं एका फिजिशियननं दिलेलं व्याख्यान, थोडं काटछाट करून)

पाठीमागं ऐकू येतंय ना? तो फॅन जरा कमी करा की ओ, माझा आवाज मुळातच बारीक.

परवा एक काका टू-डी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन आले, चेहरा पार पडलेला. म्हणाले, डॉक्टर माझं पंपिंग ६० टक्केच राहिलंय, आता गुडघा बदलायचं कॅन्सल का? म्हटलं काका, ६० म्हणजे फर्स्ट क्लास! डाव्या कप्प्यात जेवढं रक्त भरतं त्यातलं एका ठोक्याला किती बाहेर पडतं तो हा आकडा, यात १०० पैकी १०० कुणालाच नसतात, ५५ च्या वर असलं की नॉर्मल. ३०-३५ वर आलं की मात्र हाडवाले, भूलवाले आणि आम्ही असे तिघं बसून बोलतो, कारण पंप मंद असला की पायातलं रक्त परत यायला उशीर करतं, आणि थांबलेलं रक्त गोठायला बघतं.

आता पायातलं रक्त वर चढतं कसं? हृदय खाली ढकलतं ते ठीक, पण परत वर यायला जोर लावते तुमची पोटरी. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात, मधल्या शिरा पिळल्या जातात, शिरांत आतून झडपा असतात म्हणून रक्त खाली न जाता वरच सरकतं. गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी पाय भुलीनं निपचित पडलेला, बऱ्याचदा मांडीला पट्टा आवळलेला, हाड कापलेलं म्हणून शरीरानं रक्त गोठवायची सगळी तयारी केलेली, आणि वर घरचे म्हणणार, उठू नका, आराम करा! गुठळीला याच्यापेक्षा चांगली सोय कुठली? गोळ्या-इंजेक्शनं द्यायची पद्धत नव्हती तेव्हा, असं ऑपरेशन झालेल्यांच्या शिरांचे फोटो काढले तर ४० ते ६० टक्के लोकांत गुठळ्या दिसायच्या. बहुतेक बारीक, आपोआप विरघळणाऱ्या. पण एखादी सुटली की मांडीतून पोटात, पोटातून हृदयाच्या उजव्या कप्प्यात आणि तिथून थेट फुफ्फुसात. पायातली गुठळी फुफ्फुसात जाऊन अडकते हे रुडॉल्फ विर्खो या जर्मन डॉक्टरनं १८४० च्या दशकातच दाखवलं होतं. उजव्या कप्प्याची भिंत पातळ, तिला जोर लावायची सवय नसते, पुढचा रस्ता एकदम बंद झाला की ती फुगते आणि माणूस बसल्या जागी कोसळतो. रिपोर्टवरचे ते ६० डाव्या बाजूचे, उजव्या बाजूची त्यातून गॅरंटी नाही.

पूर्व भागातल्या एक मावशी, आयुष्यभर सूप मांडीवर घेऊन विड्या वळल्या, गुडघे गेले, एक बदलला. मे महिना, घरात पत्र्याखाली भट्टी. वॉकर घेऊन बाथरूमपर्यंत जायचा त्रास नको म्हणून मावशी पाणीच पीत नव्हत्या, दिवसाला दोन तांबे पण नाही. नवव्या दिवशी मी गेलो तर सून पोटरीला कोमट तेल चोळतेय, प्रेमानंच! ऑपरेशन झाल्यावर सूज असतेच हो, म्हणाली. सूज असते हे खरंय, पण मी तिच्याच शिलाई मशीनवरची टेप घेऊन दोन्ही पोटऱ्या मोजल्या, एक ३४ सेंटीमीटर, एक ३८. म्हटलं आधी चोळायचं बंद. डॉपलर, म्हणजे पायाच्या शिरांची सोनोग्राफी केली, गुठळी निघाली, औषध सुरू केलं, वाचल्या. तीनच्या वर फरक असला तर थांबायचं नाही, गाठायचं डॉक्टरला. दोन्ही पाय सारखे सुजले, अंगठा दाबला की खड्डा पडतोय, उताणं झोपलं की धाप लागतेय, तर संशय हृदयावर. एकच पाय सुजलाय, गरम आहे, ठणकतोय, तर गुठळीवर. पण एकदम दम लागला, श्वास घेताना छातीत टोचलं, थुंकीत रक्त दिसलं किंवा चक्कर येऊन पडलात तर टेप शोधत बसू नका, ॲम्ब्युलन्स बोलवा.

रक्त पातळ करायची गोळी म्हणतात ना, ती रक्त पातळ बितळ करत नाही, गोठायची क्रिया मंद करते. किमान १० ते १४ दिवस, खुबा बदलला असेल तर ३५ दिवसांपर्यंत, आणि टाके निघाले म्हणून आपल्या मनानं बंद करायची नाही. ॲस्पिरिन चालतं का, सगळे विचारतात. काहींना चालतं, पण २०२२ मध्ये क्रिस्टल नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात नुसत्या ॲस्पिरिनपेक्षा इंजेक्शनवाल्यांना गुठळ्या कमी झाल्या, म्हणून ते सर्जनवर सोडा. ज्यांच्या हृदयात स्टेंट आहे किंवा ठोके अनियमित म्हणून ॲसिट्रॉम, म्हणजे गोठणं मंद करायचीच एक गोळी, चालू आहे त्यांनी ऑपरेशनच्या आधीच ओरडून सांगायचं.

आणि पलंगावर पडल्या पडल्या पायाचा पंजा वर-खाली करायचा, आत्ता खुर्चीत बसून करा बघू सगळ्यांनी. हां, तुम्ही पण, मोबाईल ठेवा की खाली.

प्रश्न? बोला आजी. डिसेंबरात गुडघा करून घेतला तर संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याला, जत्रेला जाता येईल का? जाता येईल आजी, डॉक्टरनं हो म्हटलं तर, काठी घेऊन, नातवाला बरोबर ठेवून. फक्त एका जागी दोन-दोन तास उभं राहू नका, आणि बाथरूमच्या भीतीनं तहान मारू नका.