शेव्हेल की कूडा : अश्वशक्तीआधी पुरावा

मंडळी, १९७० सालच्या दोन अमेरिकी मसल कारविषयी (म्हणजे मोठ्या, ताकदवान इंजिनाच्या गाड्यांविषयी) आज बोलायचे आहे : एलएस-६ इंजिनाची शेव्हरोले शेव्हेल एसएस ४५४ आणि प्लिमथची हेमी कूडा. जाहिरातीत पहिलीची अश्वशक्ती ४५० होती, दुसरीची ४२५. या फरकावरून शौकिनांमध्ये अजूनही हमरीतुमरी होते. पण हे आकडे इंजिन गाडीबाहेर, पूर्ण एक्झॉस्टचा भार न देता चालवून काढलेले असल्यामुळे खरेदीदाराने त्यांच्यात फार गुंतू नये.

इंजिनांचा स्वभाव मात्र वेगळा आहे. जनरल मोटर्सने मध्यम आकाराच्या गाड्यांवरील ४०० घनइंचांची मर्यादा उठवली, तेव्हा ४५४ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ७.४ लिटरचे इंजिन शेव्हेलमध्ये बसले. एलएस-६ हा त्याचाच जोरदार प्रकार. त्यावर एकच मोठा होली कार्ब्युरेटर असे. अर्धगोलाकार ज्वलनकक्षांचे ४२६ घनइंचांचे हेमी आधी शर्यतीसाठी घडले आणि १९६४ ची डेटोना ५०० ही मोटारशर्यत रिचर्ड पेटी यांनी त्याच्याच बळावर जिंकली. रस्त्यावरच्या कूडात त्याला दोन कार्ब्युरेटर होते, आणि हे इंजिन घेण्यासाठी गिऱ्हाइकाला सुमारे ८७१ डॉलर जादा मोजावे लागत. त्यामुळे १९७० मध्ये बंद छताच्या हेमी कूडा ६५२ आणि उघड्या छताच्या अवघ्या १४ निघाल्या. एलएस-६ इंजिने साडेचार हजारांच्या घरात बनली. कूडाची किंमत चढी का, हे यातून बरेचसे उलगडते.

पण माझ्या मते खरी तुलना कागदपत्रांची, म्हणजे गाडी अस्सल असल्याच्या पुराव्याची आहे. कूडाच्या चासी क्रमांकातील पाचवे अक्षर इंजिन सांगते. तिथे ‘आर’ असेल तर गाडी कारखान्यातूनच हेमी घेऊन निघाली. त्या वर्षीच्या शेव्हेलचा क्रमांक फार तर व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनाची मालिबू, म्हणजे शेव्हेलचाच एक प्रकार, एवढेच कळवतो, कारण एसएस हे मालिबूवर घेण्याचे पर्यायी पॅकेज होते. म्हणून शेव्हेलसाठी कारखान्याची बिल्ड शीट (गाडीत काय काय बसवायचे याची यादी; ती पुष्कळदा पेट्रोलच्या टाकीवर चिकटलेली सापडते), मूळ विक्रीची कागदपत्रे आणि इंजिनावर ठोकलेले अंक हाच आधार. त्यातले अंक घासून नव्याने ठोकता येतात, हे बाजारातील लबाडांना चांगलेच ठाऊक आहे. कूडाही सर्वस्वी निर्धोक नाही, क्रमांकाची पट्टी एका गाडीवरून दुसरीवर जाऊ शकते. तेव्हा बॉडीच्या पत्र्यावर इतरत्र ठोकलेले अंक तिच्याशी जुळतात का, हे जाणकाराकडून तपासून घ्यावे.

मूळ इंजिन गमावलेली पण अस्सल ‘आर’ क्रमांकाची कूडा हेमी कूडाच राहते, किंमत तेवढी उतरते. मूळ इंजिन आणि कागद दोन्ही गमावलेली शेव्हेल कितीही देखणी असली, तरी तिला एलएस-६ चा भाव मी देणार नाही.