रोझ बाउलचा सामाईक गल्ला

नववर्षाच्या पहिल्या दिवशी कॅलिफोर्नियातील पासाडेना शहरात सकाळी फुलांनी मढवलेल्या रथांची मिरवणूक निघते आणि दुपारी, सॅन गॅब्रिएल डोंगररांगेच्या पार्श्वभूमीवर उभ्या असलेल्या रोझ बाउल स्टेडियममध्ये, विद्यापीठांचे दोन संघ अमेरिकन फुटबॉल खेळायला उतरतात. सामना रंगात येईपर्यंत डोंगरावर मावळतीचे ऊन उतरलेले असते आणि त्याच वेळी पूर्व किनाऱ्यावर अंधार पडून, थंडीमुळे घरात थांबलेली कुटुंबे दूरचित्रवाणीसमोर जमलेली असतात. २०१४ च्या हंगामापासून लागू झालेल्या करारात ईएसपीएन या वाहिनीने या एका दुपारचे मोल वर्षाला सुमारे ८ कोटी डॉलर ठरवले होते. हा पैसा मैदानावर घाम गाळणाऱ्या दोन विद्यापीठांच्या खात्यात थेट जमा होत नाही. तो आधी त्यांच्या कॉन्फरन्सच्या, म्हणजे विद्यापीठांच्या मंडळाच्या, गल्ल्यात पडतो आणि तिथे त्याच्या वाटण्या होतात. त्या वाटण्या कशा ठरल्या आणि कशा बदलत गेल्या, ते आपण पाहणार आहोत.

पासाडेनातला पहिला सामना १ जानेवारी १९०२ रोजी झाला. फुलांचा उत्सव भरवणाऱ्या ‘टूर्नामेंट ऑफ रोझेस’ या संस्थेला मिरवणुकीच्या खर्चाला हातभार हवा होता. मिशिगनने स्टॅनफर्डला ४९–० असे हरवले, आणि सामना इतका एकतर्फी झाला की आयोजकांनी फुटबॉल बंद करून पुढील काही वर्षे रथांच्या शर्यती भरवल्या. फुटबॉल परतला तो १९१६ मध्ये. १९२२ साली वाडग्याच्या आकाराचे स्टेडियम उभे राहिले आणि ‘बाउल’ हा शब्द सामन्यालाच चिकटला. महामंदीच्या काळात हिवाळ्यातही ऊब असलेल्या इतर शहरांनी पर्यटक ओढण्यासाठी हाच मार्ग धरला. मायामीत ऑरेंज बाउल, न्यू ऑर्लीन्समध्ये शुगर बाउल, एल पासोमध्ये सन बाउल, डॅलसमध्ये कॉटन बाउल. संत्री, साखर, ऊन आणि कापूस ही त्या त्या मुलखाची ओळख सामन्यांच्या नावांत जपली गेली आहे. हे सामने कोणत्याही राष्ट्रीय क्रीडासंस्थेच्या मालकीचे नव्हते, तर स्थानिक समित्यांचे होते, आणि पुढच्या सगळ्या अर्थकारणाची मुळे याच गोष्टीत आहेत.

कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांनी आपापसांत सामने खेळण्यासाठी स्थापन केलेले मंडळ. बिग टेन हे मंडळ १८९६ पासूनचे; आज त्यात अठरा विद्यापीठे आहेत. दक्षिणेतील साउथईस्टर्न कॉन्फरन्स, म्हणजे एसईसी, १९३२ मध्ये स्थापन झाली आणि आज तिच्यात सोळा सदस्य आहेत. एनसीएए ही महाविद्यालयीन खेळांची देशव्यापी संस्था बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा स्वतः भरवते आणि तिचे प्रक्षेपण हक्कही स्वतःच विकते. सर्वोच्च श्रेणीच्या फुटबॉलमध्ये मात्र हंगामानंतरचे उत्पन्न तिच्या हाती नाही. बाउल समित्यांचे करार थेट कॉन्फरन्सशी होतात. असा पहिला मोठा करार १९४६ मध्ये झाला आणि १९४७ पासून रोझ बाउलमध्ये बिग टेनचा विजेता आणि पॅसिफिक किनाऱ्यावरील कॉन्फरन्सचा विजेता समोरासमोर येऊ लागले. १९५२ मध्ये हाच सामना एनबीसी या वाहिनीने देशभर दाखवला, आणि समित्यांना तिकीटविक्रीपेक्षा कितीतरी मोठा झरा सापडला.

हंगामातील नेहमीच्या सामन्यांवर मात्र एनसीएएची पकड कायम होती. कोणता संघ दूरचित्रवाणीवर किती वेळा दिसावा, हे तीच ठरवत असे. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया येथील विद्यापीठांच्या बाजूने या नियंत्रणाला न्यायालयात आव्हान दिले गेले आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा मतांनी ते मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारे ठरवले. निकालपत्र न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी लिहिले. असहमती नोंदवणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट हे स्वतः तरुणपणी कोलोरॅडो विद्यापीठाचे नामवंत फुटबॉलपटू होते, आणि या खेळाचे शैक्षणिक स्वरूप बाजाराच्या हवाली होईल ही त्यांची चिंता होती. ती चिंता निराधार नव्हती, असे पुढची चाळीस वर्षे पाहिल्यावर म्हणावे लागते. निकालानंतर हक्क विकण्याचे काम हळूहळू कॉन्फरन्सकडे आले आणि मग कोणत्या मंडळात कोण आहे, हाच सौद्याचा मुख्य प्रश्न झाला.

आता गल्ल्याचा हिशेब. सर्वसाधारण बाउल सामन्याचे उत्पन्न प्रक्षेपण हक्क, मुख्य प्रायोजक आणि तिकिटे यांतून येते. डिसेंबरातील लहान सामन्यांपैकी डझनाहून अधिक सामने तर ईएसपीएनच्या उपकंपनीच्याच मालकीचे आहेत, कारण सुट्टीच्या दिवसांत प्रेक्षक घरी असताना वाहिनीला थेट प्रक्षेपणासाठी खेळ हवा असतो. बारापैकी सहा सामने जिंकलेला संघ सामान्यतः निवडीस पात्र ठरतो. समिती ठरलेली रक्कम कॉन्फरन्सला देते. कॉन्फरन्स आपल्या सगळ्या संघांची अशी रक्कम एकत्र करते, खेळायला गेलेल्या संघाला प्रवासखर्चाची मोजणी करून देते आणि उरलेले सदस्यांत, परंपरेने समसमान, वाटते. त्यामुळे हंगामात जेमतेम दोन सामने जिंकून घरी बसलेल्या विद्यापीठालाही वाटा मिळतो. काहींना हे अन्यायाचे वाटते. मला ते न्याय्य वाटते, कारण बलाढ्य संघाचे विजय कोणाविरुद्ध तरी मिळालेले असतात, आणि तो हरणारा संघ मैदानात उतरला नसता तर वाहिनीला विकायला सामनाच उरला नसता.

या पद्धतीत खेळणाऱ्याच्याच पदरी तोटा येऊ शकतो, हे १ जानेवारी २०११ च्या फिएस्टा बाउलने दाखवले. कनेक्टिकट विद्यापीठाचा संघ ॲरिझोनात ओक्लाहोमाविरुद्ध ४८–२० असा हरला. करारानुसार विद्यापीठाला सुमारे १७,५०० तिकिटे पदरात घ्यावी लागली होती, पण देशाच्या दुसऱ्या टोकापर्यंत विमानाने जाणारे चाहते थोडेच निघाले आणि जे गेले त्यांतील अनेकांना इंटरनेटवर याहून स्वस्त तिकिटे मिळाली. न खपलेल्या तिकिटांचा भार मोठा होता. कॉन्फरन्सकडून मिळालेला खर्चही पुरला नाही आणि विद्यापीठाला १५ लाख डॉलरांहून अधिक तोटा झाला, तर त्याच्या सहभागामुळे आलेल्या बाउलच्या रकमेत घरी बसलेली इतर विद्यापीठे वाटेकरी होती.

२०१४ च्या हंगामापासून चार संघांची बाद फेरी, म्हणजे कॉलेज फुटबॉल प्लेऑफ, सुरू झाली. तिचा कारभार दहा कॉन्फरन्स आणि नोटर डेम विद्यापीठ मिळून पाहत होते. ईएसपीएनने प्लेऑफसाठी वर्षाला सरासरी ४७ कोटी डॉलर मोजले. रोझ, शुगर आणि ऑरेंज या बाउलचे करार त्याहून वेगळे होते. वाटपात तीन थर होते. पहिला थर अभ्यासाचा: ज्या विद्यापीठाचा संघ शैक्षणिक निकषांत बसतो, त्याच्यामागे कॉन्फरन्सला ३ लाख डॉलर. दुसरा थर मूळ रकमेचा, आणि खरा पैसा तिथेच होता. २०२३–२४ मध्ये पाच प्रबळ कॉन्फरन्सना प्रत्येकी सुमारे ७ कोटी ९० लाख डॉलर मिळाले, तर उरलेल्या पाच लहान कॉन्फरन्सना सगळ्यांना मिळून सुमारे १० कोटी. तिसरा थर मैदानावरच्या यशाचा: उपांत्य फेरीत पोहोचलेल्या प्रत्येक संघामागे ६० लाख डॉलर. या आकड्यांवरून लक्षात येते की विजयाची किंमत सदस्यत्वाच्या किमतीपुढे फार लहान होती.

२०२४ च्या हंगामात बाद फेरी बारा संघांची झाली. पहिल्या फेरीसाठी ४० लाख, उपांत्यपूर्व फेरीसाठी ४० लाख, उपांत्य फेरीसाठी ६० लाख आणि अंतिम सामन्यासाठी आणखी ६० लाख डॉलर असा दर ठरला. नोटर डेमचा फुटबॉल संघ कोणत्याही कॉन्फरन्समध्ये नाही. तो या चारही पायऱ्या चढला आणि २० जानेवारी २०२५ रोजी अटलांटामध्ये ओहायो स्टेटकडून ३४–२३ असा हरला. उपविजेत्या नोटर डेमला २ कोटी डॉलर मिळाले आणि ते कोणाबरोबरही वाटावे लागले नाहीत. विजेत्या ओहायो स्टेटची तेवढीच रक्कम बिग टेनच्या गल्ल्यात गेली आणि तिला अठरा वाटेकरी होते. तरीही ओहायो स्टेटला स्वतंत्र होण्याची इच्छा झाली नाही, कारण हंगामभराच्या प्रक्षेपणाचा बिग टेनचा सात वर्षांचा करार एकूण ७०० कोटी डॉलरांच्या घरातला आहे आणि त्यापुढे एका विजेतेपदाचे २ कोटी किरकोळ ठरतात.

२०२६ पासून लागू होणाऱ्या सहा वर्षांच्या करारात ईएसपीएन वर्षाला सुमारे १३० कोटी डॉलर देणार आहे. २०२४ च्या सुरुवातीला वाटपाच्या वाटाघाटी झाल्या तेव्हा बिग टेन आणि एसईसी यांनी आपसांत सल्लागार गट नेमला होता, आणि या दोघांशिवाय स्पर्धेला बाजारात किंमत उरत नाही, हे टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला कळत होते. ठरले ते असे: त्या दोघांना प्रत्येकी सुमारे २९ टक्के, एसीसीला, म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सला, सुमारे १७, बिग ट्वेल्व्हला सुमारे १५, नोटर डेमला सुमारे १ आणि सगळ्या लहान कॉन्फरन्सना मिळून सुमारे ९ टक्के. प्रबळ कॉन्फरन्सना समान मूळ रक्कम देण्याची जुनी रीत इथे संपली. बिग टेन किंवा एसईसीच्या विद्यापीठाला वर्षाला २ कोटी डॉलरांहून अधिक आणि लहान कॉन्फरन्समधील विद्यापीठाला २० लाखांच्या आत, एवढी दरी पहिला चेंडू उडण्याआधीच पडलेली असेल.

खेळाडूंचा या उत्पन्नातील वाटा फार उशिरा मान्य झाला. दशकानुदशके त्यांना मुख्यतः शिष्यवृत्तीवरच भागवावे लागले. जून २०२५ मध्ये खेळाडूंनी लढवलेल्या खटल्यात न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठांना आपल्या खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली, आणि २०२५–२६ साठी ती मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर इतकी होती. प्लेऑफचा वाटा मोठा असलेल्या विद्यापीठाला हा खर्च झेपतो. लहान विद्यापीठाला त्यासाठी विद्यार्थ्यांच्या शुल्काकडे आणि सरकारी अनुदानाकडे पाहावे लागते, आणि या वाटपातला मला सर्वांत जास्त सलणारा भाग तो आहे.

आता पुन्हा पासाडेना. पॅसिफिक किनाऱ्यावरील कॉन्फरन्स १९१५ मध्ये स्थापन झाली तेव्हा तिच्या चार संस्थापकांत ओरेगन विद्यापीठ होते. २०२२ मध्ये लॉस एंजलिसच्या दोन विद्यापीठांनी, यूएससी आणि यूसीएलए यांनी, बिग टेनमध्ये जाण्याचे जाहीर केले. पुढच्या वर्षी प्रक्षेपणाचा समाधानकारक करार हाती न आल्याने ओरेगन आणि वॉशिंग्टन त्यांच्यामागून निघाले, इतर सहा विद्यापीठे बिग ट्वेल्व्ह आणि एसीसीमध्ये विखुरली, आणि ओरेगन स्टेट व वॉशिंग्टन स्टेट ही दोनच मागे राहिली. १ जानेवारी २०२५ रोजी रोझ बाउलमध्ये उपांत्यपूर्व सामना झाला. एका बाजूला ओहायो स्टेट, दुसऱ्या बाजूला ओरेगन. ओहायो स्टेटने ४१–२१ असा विजय मिळवला. जिंकलेल्या संघामागचे ४० लाख आणि हरलेल्या संघामागचे ४० लाख, दोन्ही रकमा बिग टेनच्या गल्ल्यात जमा झाल्या.