राजांची थडगी खोदणाऱ्यांचं गाव

हे देर अल-मदिना. इजिप्तमध्ये लक्झरच्या समोर, नाईलच्या पश्चिम तीरावर, उघड्याबोडक्या टेकड्यांच्या बेचक्यात वसलेलं गाव. भिंतीला भिंत लागून सुमारे ७० घरं, मधून एक चिंचोळी गल्ली. पाणी गाढवांच्या पाठीवरून यायचं. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी राजांची थडगी खोदणारे आणि रंगवणारे कारागीर इथे बायकामुलांसह राहत.

राजांबद्दल आपण खूप ऐकतो. मला मात्र हीच माणसं जवळची वाटतात, कारण ती लिहायची. हिशेब, पत्रं, भांडणं, सगळं खापरांवर आणि चुनखडीच्या कपच्यांवर. राजा रामेसेस दुसरा याच्या कारकिर्दीच्या ४०व्या वर्षातली अशीच एक मोठी कपची म्हणजे चक्क हजेरीपट. कामावर कोण आला नाही आणि का, ते तिच्यावर लिहिलंय. एकाला विंचू चावला. एकाचे डोळे दुखतायत. एकजण बिअर गाळतोय. आणि एकजण आईचा मृतदेह वस्त्रांत गुंडाळतोय.

मजुरी धान्यात मिळायची. राजा रामेसेस तिसरा याच्या कारकिर्दीच्या २९व्या वर्षी ती थकली, तेव्हा हे लोक हत्यारं खाली ठेवून गावाबाहेर पडले आणि मंदिरांपाशी जाऊन बसले. भूक आणि तहान आम्हाला इथे घेऊन आली, अंगावर कपडा नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही, असं त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितलं. लेखी नोंद असलेला, आपल्याला माहीत असलेला हा सर्वात जुना संप.

संपाच्या दोनशेहून अधिक वर्षं आधी इथे खा नावाचा मुकादम होता. १९०६ मध्ये एर्नेस्तो स्कियापरेल्ली या इटालियन संशोधकाला गावालगतच्या डोंगरात त्याचं थडगं सापडलं. चोरांचा हात न लागलेलं. आज त्यातलं बरंचसं सामान तुरीनच्या संग्रहालयात आहे. भाकरी, लसूण, घडी घातलेले कपडे. चादरी अंथरून तयार केलेली खाट. उंच लाकडी पेटीत बायकोचा, मेरितचा, केसांचा टोप. त्याच्या बारीक वेण्या अजून सुटलेल्या नाहीत.

मेरित नवऱ्याच्या आधी गेली. तिची शवपेटी तयार नव्हती. खाने स्वतःसाठी करून घेतलेली पेटी तिला दिली. पेटीवर नाव त्याचंच आहे. ती मेरितला मोठी झाली, म्हणून उरलेल्या जागेत कापडं भरली होती. त्या कापडांवरही त्याचीच खूण आहे.